मिटलेल्या हॉटेलांची वही

२०१९ च्या फेब्रुवारीत सेंट मार्टिन बेटावरच्या ग्रां काज गावाच्या रस्त्यावर मी आणि माझा नवरा एका मोकळ्या जागेपुढे उभे होतो. जोतं तेवढं उरलं होतं. जोत्यावर लाल-पांढऱ्या फरश्या, फरश्यांच्या फटींतून वर आलेलं गवत आणि पलीकडे सरळ समुद्र. पूर्वी रस्त्यावरून इथला समुद्र दिसायचा नाही, मध्ये आमच्या लाडक्या हॉटेलचं स्वयंपाकघर यायचं.

"खिडक्या निळ्या होत्या ना?" मी म्हटलं.

"हिरव्या," तो म्हणाला.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. १९९३ पासून बहुतेक दर फेब्रुवारीत कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिनला जात आलो आणि प्रत्येक मुक्कामात निदान एक रात्र या हॉटेलात जेवलो. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस इथे झाला. मुलीने आयुष्यातला पहिला शिंपला इथे उघडला. आणि खिडक्यांच्या रंगावर आमचं एकमत होईना. विचारायला कुणी नव्हतं, दाखवायला भिंत नव्हती. त्याच संध्याकाळी मी मारिगोच्या एका दुकानातून जाड पुठ्ठ्याची, चौकटीच्या कागदाची वही आणली. तेव्हापासून ती भरते आहे. तुमचंही एखादं लाडकं बेट असेल, तिथे जेवलेल्या जागा एकेक करून मिटत चालल्या असतील, तर अशी वही कशी घालायची ते सांगते. मी माझ्या बेटाबद्दल लिहिते आहे, पण पद्धत कुठेही चालेल. हॉटेल म्हणजे इथे जेवायची जागा. राहायच्या हॉटेलांची गोष्ट निराळी आहे.

बेटाबद्दल आधी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जेमतेम ८७ चौरस किलोमीटरचं हे बेट १६४८ पासून दोन देशांत वाटलेलं आहे. उत्तरेला फ्रेंच सेंट मार्टिन, तिथली गावं मारिगो आणि ग्रां काज. दक्षिणेला डच सिंट मार्टेन, तिथे फिलिप्सबर्ग, सिम्प्सन बे आणि मोठ्या विमानतळाशेजारचं माहो. हद्दीवर चौकी नाही, पाटी आहे. गाडीतून गप्पा मारत जाताना आपण देश कधी बदलला ते कळतही नाही. पण बिलावरचं चलन बदलतं, फोनचा क्रमांक बदलतो, वाढपी बोलतो ती भाषा बदलते. आठवण लावून घ्यायला या तिन्ही गोष्टी फार उपयोगी पडतात.

चव शेवटी, रस्ता आधी

वही उघडली की हात आपोआप पदार्थांकडे वळतो. "काय ते मासे होते!" असं लिहून होतं आणि पान तिथेच संपतं. पुढे काही सुचत नाही, कारण चवीला धरायला मूठ नसते. माझी पहिली तीन पानं अशीच वाया गेली. म्हणून आधी रस्ता काढा.

ग्रां काज यासाठी फार सोयीचं गाव आहे. किनाऱ्याला लागून एकच लांब, अरुंद रस्ता आणि दोन्ही हातांना दारं. एका हाताची दारं समुद्राकडची, दुसऱ्या हाताची डोंगराकडची. वहीची दोन समोरासमोरची पानं उघडा, मधली शिवण म्हणजे रस्ता समजा आणि आज जे उभं आहे ते आधी पक्क्या शाईने मांडा. माझ्यासाठी पहिली खूण म्हणजे लोलो. लोलो म्हणजे उघड्यावरची, पत्र्याच्या नाहीतर ताडपत्रीच्या छपराखालची स्थानिक खानावळ. लोखंडी पिंप उभं कापून केलेली शेगडी, तिच्यावर डुकराच्या बरगड्या आणि कोंबडी, बाजूला भात-घेवडा, मॅकरोनी पाय म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, तळलेली केळी आणि जॉनी केक म्हणजे जाडसर तळलेल्या पुऱ्या. ग्रां काजमध्ये त्या गावाच्या मधोमध एकत्र आहेत. टॉक ऑफ द टाउन आणि स्कायज द लिमिट ही नावं तिथे एकदा तरी गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतात. एकदा ही खूण रोवली की बाकीचं मोजता येतं: लोलोंपासून ग्रां काजच्या लहान विमानतळाच्या बाजूला किती दारं, डोंगराच्या हाताला की पाण्याच्या.

मिटलेल्या जागा पेन्सिलीने मांडा. शाईने नको. खोडावं लागतंच.

दार आठवत नसेल तर खुर्चीत बसा. म्हणजे डोळे मिटा आणि तुम्ही कुठल्या खुर्चीत बसला होतात ते आठवा. ग्रां काजच्या खाडीत क्रिओल रॉक नावाचा खडक आहे. तो तुम्हाला ताटावरून मान वर केल्यावर समोर दिसत होता की उजवीकडे वळावं लागत होतं? रात्री पलीकडच्या अँग्विला बेटाचे दिवे दिसत होते का? लाटांचा आवाज पायांखालून येत होता की पाठीमागून? आमच्या यादीतलं एक हॉटेल आम्ही दोघंही समुद्राच्या हाताला मांडत होतो. मग नवऱ्याला आठवलं की जेवताना विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्यांचे दिवे त्याच्या ग्लासवर फिरायचे. म्हणजे तो रस्त्याकडे तोंड करून बसायचा आणि तरीही पाठीशी समुद्र नव्हता, पाठीशी भिंत होती. हॉटेल डोंगराच्या हाताला गेलं आणि तिथे ते अगदी चपखल बसलं.

फिलिप्सबर्गचं गणित जरा वेगळं. तिथे खारं तळं आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर फ्रंट स्ट्रीट आणि बॅक स्ट्रीट समांतर धावतात आणि त्यांना जोडणाऱ्या लहान लहान गल्ल्या आहेत. जुनी हॉटेलं बरीचशी माडीवर नाहीतर गल्लीच्या पोटात असायची. तिथे गल्ल्या मोजा. मधली खूण म्हणून १७९३ सालचं कोर्टहाऊस घ्या, ते चुकत नाही. फ्रंट स्ट्रीटवर सिंधी व्यापाऱ्यांची दागिन्यांची, कॅमेऱ्यांची, कापडांची दुकानं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि आपल्यासारख्यांना हा फार मोठा आधार आहे. एका म्हाताऱ्या दुकानदाराशी मी हिंदीत बोलत होते. माझ्या आठवणीतलं माडीवरचं हॉटेल त्यांच्याच दुकानावर होतं असं मी ठामपणे सांगत होते. ते म्हणाले, "नाही बेटी, दोन गल्ल्या पुढे. आमच्या गोदामाची खिडकी त्यांच्या स्वयंपाकघराकडे होती. संध्याकाळी पाच वाजले की लसणाचा वास यायचा, कापडाला लागायचा, म्हणून खिडकी बंद करायचं काम माझ्याकडे होतं." पर्यटकाला जेवण आठवतं, शेजाऱ्याला वेळ आठवते. शेजाऱ्याचं लिहून घ्या.

साल कसं लावायचं

"साधारण नव्वदच्या दशकात" असं लिहू नका. साल लावता येतं, थोडा धीर धरावा लागतो.

बेटावरची माणसं वर्षं मोजतात ती वादळांनी. लुइस आलं १९९५ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला, आणि सिम्प्सन बेच्या लगूनमध्ये, म्हणजे आतल्या खाऱ्या सरोवरात, आसऱ्याला आलेल्या शेकडो बोटी त्याने फोडल्या. १९९९ च्या नोव्हेंबरात लेनी आलं, तेही उलट्या दिशेने, पश्चिमेकडून. त्यामुळे एरवी निवांत असलेल्या पश्चिमेकडच्या किनाऱ्यांना लाटांनी झोडपलं. आणि ६ सप्टेंबर २०१७ च्या पहाटे इर्मा: पाचव्या श्रेणीचं वादळ, ताशी जवळजवळ २९५ किलोमीटर वेगाचा वारा. कुठल्याही आठवणीला पहिला प्रश्न हा विचारा: लुइसच्या आधीचं की नंतरचं? मग: इर्माच्या आधीचं की नंतरचं? दोन प्रश्नांत निम्मं काम होतं.

त्यानंतर पैसे. फ्रेंच बाजूला बिल फ्रँकमध्ये असेल तर ते २००२ च्या फेब्रुवारीआधीचं, कारण तेव्हा फ्रँक चलनातून गेला. युरो महागल्यावर ग्रां काजच्या दारांवर आणि फळ्यांवर 'एक डॉलर बरोबर एक युरो' असं लिहिलेलं दिसू लागलं, रोख देणाऱ्यांसाठी. तुम्हाला ती पाटी आठवत असेल तर आठवण नक्कीच २००२ नंतरची आहे. डच बाजूला डॉलर सर्रास चालायचा, आजही चालतो. पण सुट्टे पैसे परत मिळाले ते अँटिलियन गिल्डरमध्ये असतील तर ती नाणी जपून ठेवा. २०२५ च्या ३१ मार्चपासून तिथे कॅरिबियन गिल्डर आला आहे.

फोनचा क्रमांक ही माझी सगळ्यात आवडती खूण. काड्यापेटीवर, भेटकार्डावर, बिलाच्या माथ्यावर तो असतोच. डच बाजूच्या क्रमांकाआधी ५९९ असेल तर कागद जुना आहे, १-७२१ असेल तर २०११ च्या सप्टेंबरअखेरनंतरचा. पत्त्यात 'नेदरलँड्स अँटिलीज' छापलेलं असेल तर बहुतेक १० ऑक्टोबर २०१० च्या आधीचा, कारण त्या दिवशी तो देशच विसर्जित झाला. बहुतेक म्हणते, कारण हॉटेलवाले छापून ठेवलेले कागद संपेपर्यंत वापरतात आणि ते योग्यच आहे. फ्रेंच बाजूच्या पत्त्यात ग्वादेलूप असेल तर २००७ च्या आधीचा असण्याची शक्यता जास्त. त्या वर्षी फ्रेंच सेंट मार्टिन ग्वादेलूप या दुसऱ्या फ्रेंच बेटाच्या कारभारातून वेगळं झालं.

काही खुणा जेवणाबाहेरच्या असतात. लगूनवरच्या नव्या पुलावरून, तिथले लोक ज्याला कॉजवे म्हणतात त्यावरून, जेवायला गेला असाल तर तो प्रवास २०१३ च्या डिसेंबरनंतरचा. माहोच्या किनाऱ्यावर डोक्यावरून केएलएम या डच कंपनीचं जम्बो विमान गेल्याचं आठवत असेल तर २०१६ च्या ऑक्टोबरनंतरचं नक्की नाही. तिथल्या सनसेट बारमध्ये सर्फबोर्डवर विमानांच्या वेळा लिहून ठेवलेल्या असायच्या. जम्बोची वेळ जवळ आली की लोक हातातले ग्लास घेऊन वाळूत उतरायचे आणि ताटं तशीच टेबलावर राहायची. इर्मात त्या बारची धूळधाण झाली, नंतर तो पुन्हा उभा राहिला. अशा जागांसाठी माझा एक नियम आहे: बंद पडून पुन्हा उघडलेली जागा वहीत दोनदा लिहायची. नाव तेच, मालक तेच, तरी दोन पानं. खांब दुसऱ्या जागी गेलेला असतो, वारा दुसरीकडून येतो, आणि तुम्ही ज्या टेबलाबद्दल बोलताय ते आता नसतंच.

कागद

जुनी बिलं शोधायला लागलात तर ती पुस्तकांत सापडतील, पासपोर्टच्या पाकिटात सापडतील, पोहण्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात वाळूसकट सापडतील. सापडल्यावर पहिलं काम म्हणजे फोटो. त्याच दिवशी, दिवसाच्या उजेडात. गुळगुळीत कागदावरची बिलं उष्णतेने छापलेली असतात, त्यात शाई नसतेच, आणि ती वर्षागणिक फिकी होत जातात. ऊन लागलं, प्लॅस्टिकच्या पाकिटात राहिली, तर आणखी लवकर. आणि अशी बिलं कधीही लॅमिनेट करू नका. मी केली होती. तीन बिलं, त्यातलं एक त्या मोकळ्या जागेतल्या हॉटेलचं, २००४ सालचं. जपून ठेवावीत म्हणून दुकानात नेऊन दिली आणि यंत्रातून बाहेर आले ते तीन काळे कागद. उष्णतेने उमटणारा कागद तापलेल्या रुळांतून गेल्यावर दुसरं काय होणार. त्या रात्री आम्ही काय खाल्लं होतं ते आता कुठेच लिहिलेलं नाही. मला त्याची अजून चुटपुट लागते.

त्याआधीच्या काळातल्या क्रेडिट कार्डाच्या कार्बन कागदाच्या पावत्या मात्र टिकतात. त्यावर एक गंमतीची अडचण येते: पावतीवर दुकानाचं कायदेशीर नाव असतं, पाटीवरचं नसतं. एक पावती कितीतरी दिवस मला ओळखू येत नव्हती, कारण त्या नावाचं हॉटेल आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. मग काड्यापेटीवरचा फोन क्रमांक आणि पावतीवरचा क्रमांक एकच निघाला. म्हणून प्रत्येक पानावर दोन नावं लिहायची जागा ठेवा, पाटीवरचं आणि कागदावरचं. तिसरंही ठेवलंत तर उत्तम: आपण घरात त्याला काय म्हणायचो ते. आमच्या घरात ती जागा 'मांजराचं हॉटेल' होती आणि मुलीशी बोलताना अजून तेच नाव चालतं.

ग्रां काजच्या कित्येक फ्रेंच हॉटेलांत छापील मेनू नसायचाच. मोठा फळा असायचा. वाढपी तो दोन्ही हातांनी उचलून आणायचा, रिकाम्या खुर्चीवर टेकवायचा आणि एकेका ओळीवर बोट ठेवून समजावून सांगायचा. शेजारच्या टेबलाने मागितला की फळा तिकडे जायचा, आणि आपण अर्ध्यावर वाचलेलं तसंच राहायचं. तुमच्या जुन्या फोटोंत तो फळा शोधा. वाढदिवसाचा केक पुढे असतो, सगळे हसत असतात आणि मागे खुर्चीवर खडूचं अक्षर असतं. फोटो मोठा करून बघा. आमच्या एका फोटोत मला अशा चार ओळी वाचता आल्या आणि चौथी ओळ अर्धी पुसलेली होती. तो पदार्थ त्या रात्री संपला होता.

ज्यांचा कागद नाही त्यांच्यासाठी दोन वाटा. हॉटेलची वेबसाइट असेल तर वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबसाइटींच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, तिचा जुना पत्ता टाकून पाहा. कधीकधी अख्खा मेनू किमतींसकट मिळतो. आणि संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची उपग्रहचित्रं पाहता येतात. इर्माच्या आधीचं चित्र लावून मी त्या मोकळ्या जागेवरचं छप्पर पाहिलं. वरून ते इंग्रजी एल अक्षरासारखं दिसतं. इतकी वर्षं आत बसून मला कधी कळलं नव्हतं की स्वयंपाकघर असं काटकोनात वळलेलं आहे.

एक पदार्थ, हाताने

आता चव. प्रत्येक हॉटेलचा एकच पदार्थ निवडा. ज्याची नक्कल घरी करून पाहता येईल असा. लिहून चव धरता येत नाही, करून थोडीफार धरता येते, आणि करताना जे आठवतं ते नुसतं बसून आठवत नाही.

मी निवडले आक्रा. खाऱ्या कॉड माशाची लहान भजी, फ्रेंच कॅरिबियनमध्ये जेवणाआधी येतात तशी. मासा रात्रभर पाण्यात भिजवायचा, पाणी दोन-तीनदा बदलायचं, मग उकळून काटे काढायचे आणि बोटांनी कुस्करायचा. सुरी लावायची नाही, धागे राहायला हवेत. त्यात पातीचा कांदा, लसूण, थाइमची पानं आणि अगदी थोडी स्कॉच बॉनेट मिरची, बी काढून. मैदा, पाणी, चिमूटभर बेकिंग पावडर. माझी पहिली खेप चवीला ठीक झाली, पण नवऱ्याने एक उचलून पाहिलं आणि म्हणाला, "याला शेपूट नाही." तेव्हा मला एकदम ते ताट दिसलं. त्यांच्या आक्रांना शेपट्या असायच्या, पातळ, कुरकुरीत, तपकिरी. मुलगी आधी शेपट्या मोडून खायची आणि गोळे बापाच्या ताटात ठेवायची. म्हणजे त्यांचं पीठ सैल असणार आणि चमचा तेलावर तिरका धरून ओढत सोडत असणार. मी पाणी वाढवलं, चमचा तिरका केला. पाचव्या खेपेला शेपट्या आल्या. त्या दिवशीच्या पानावर मी कृती लिहिली नाही, मुलगी शेपट्या आधी खायची हे लिहिलं. कृती मागच्या पानावर आहे.

जेवण संपल्यावर येणाऱ्या रमचीही अशीच नोंद करा. फ्रेंच बाजूला बरीच हॉटेलं बिलाबरोबर घरची मुरवलेली रम देतात, हॉटेलतर्फे. काउंटरवर मोठ्या बरण्या असतात आणि त्यात व्हॅनिलाच्या शेंगा, केळं, आलं, पॅशन फ्रूट. बरण्या किती होत्या, कुठल्या क्रमाने होत्या, हे आठवून पाहा. क्रम आठवला की त्यामागे उभा असलेला माणूस आठवतो.

विचारायचं कुणाला आणि कसं

आपण पंधरा दिवसांचे पाहुणे. त्या जागेत वर्षाचे बाकीचे दिवस ज्यांनी काढले त्यांना विचारल्याशिवाय वही अर्धी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मालक बहुधा फ्रान्सला परतलेले असतात. स्वयंपाकघरातली माणसं मात्र बेटावरच सापडतात, दुसऱ्या हॉटेलात, लोलोत, बाजारात.

आधी नमस्कार. या बेटावर 'गुड आफ्टरनून' किंवा 'बाँजूर' म्हटल्याशिवाय प्रश्न विचारणं उद्धटपणाचं समजतात, दुकानात शिरतानासुद्धा. गर्दीच्या वेळी जाऊ नका. तीनच्या सुमाराला जा, दुपारचं आवरलेलं असतं आणि संध्याकाळचं पेटलेलं नसतं. जेवण मागवा, पैसे द्या, मग बोला. 'ते बंद का पडलं' हा प्रश्न पहिला विचारू नका. वादळाचं कारण आपल्याला सोपं वाटतं, पण कितीतरी जागा भाडेकरार संपला म्हणून, मालक थकले म्हणून, मुलांना नको होतं म्हणून मिटल्या. ती घरातली गोष्ट असते. सांगितली तर ऐका, आणि ऐकीव असेल तर वहीत उतरवू नका. त्याऐवजी विचारा: तुम्ही कुठे उभ्या राहायचात? पहिलं काम कोणतं असायचं?

ग्रां काजच्या लोलोत शेगडीवर काम करणाऱ्या एक बाई आहेत, साठीच्या पुढच्या. दुसऱ्या वर्षी कुणीतरी सांगितलं की त्या आधी 'तुमच्या' हॉटेलच्या स्वयंपाकघरात होत्या. मी तीन दुपारी त्यांच्याकडे जेवले आणि चौथ्या दुपारी वही उघडली. खिडक्यांचा रंग विचारला. त्यांनी चिमटा खाली ठेवला, हात पुसले.

"हिरव्या होत्या, डार्लिंग. लुइसने दोन नेल्या. मग नव्या केल्या तेव्हा सगळ्या निळ्या रंगवल्या. अर्धी भिंत मीच रंगवली, सुट्टीच होती सगळ्यांना."

नवऱ्याला १९९३ चा पहिला मुक्काम आठवत होता, मला नंतरचे सगळे.

मग त्यांनी माझा नकाशा स्वतःकडे ओढून घेतला. दारं बरोबर होती, फळ्याची खुर्ची बरोबर होती, आमचं टेबल मी एक खांब अलीकडे काढलं होतं, ते त्यांनी बोटाने सरकवलं. एल अक्षराच्या आतल्या कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या मागे, माझ्या वहीत कोरी जागा होती. त्यांनी पेन्सिल मागितली. तिथे आधी एक गोल काढला, "बदामाचं झाड", आणि गोलाखाली एक लहान चौकोन.

"हे आमचं टेबल. चार वाजता जेवायचो, तुम्ही लोक यायच्या आधी. माशांची डोकी उकडायचो हिरव्या केळ्यांबरोबर. हे पण लिही."

त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले, कोण कुठल्या बाजूला बसायचं, डोकं कुणाच्या वाटणीला यायचं, झाडावरून बदाम ताटात पडायचे ते. पान भरलं तेव्हा शेगडी पेटवायची वेळ झाली होती.